जुन्या पिकअपचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: उतरवण्याआधी काय तपासायचं

जुनी पिकअप माझ्यापर्यंत येते तेव्हा निकाल बहुतेक आधीच लागलेला असतो. "गिअरबॉक्स गेलाय, उतरवून टाका," एवढंच मालक सांगतो. मी विचारतो, कुठला गिअर घेत नाही? थंड असताना की तापल्यावर? मागे जाते का? यावर बहुधा उत्तर नसतं. "रेस वाढते पण ओढत नाही" यापुढे गोष्ट सरकत नाही. खरं तर बॉक्स आपलं दुखणं बाहेरूनच पुष्कळ सांगत असतो, फक्त ठरावीक क्रमाने विचारावं लागतं. क्रम चुकला की पुरावा पुसला जातो आणि मग उघडल्यावरच कळेल म्हणायची पाळी येते.

मी लिहितोय ते साधारण १९८० ते २००५ या काळातल्या, मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या, तीन-चार गिअरांच्या ऑटोमॅटिक पिकअपबद्दल. जीएमचे ७००आर४ आणि ४एल६०ई, फोर्डचे एओडी आणि ई४ओडी, डॉजचे टॉर्कफ्लाइट घराण्यातले बॉक्स, टोयोटाचा ए३४०, अशी ही मंडळी. तत्त्व सगळ्यांचं एकच आहे. पंप ऑइलला दाब देतो, व्हॉल्व्ह बॉडी तो दाब हव्या त्या वाटेने वळवते, आणि त्या दाबाने क्लच प्लेटा किंवा बँड (ड्रमभोवतीचा पट्टा) आवळले जातात. यातलं एक कुठेतरी कमी पडतंय, ते कुठे हे शोधायचं.

आधी काय करायचं नाही

ऑइल बदलायचं नाही. बॅटरीची वायर काढायची नाही. पहिल्याच दिवशी लोक नेमकं हेच करतात. ऑइल बदललं की त्याचा रंग, वास, त्यातला कचरा सगळं गेलं. बॅटरी काढली की जुन्या कॉम्प्युटरमध्ये साठलेले बिघाडाचे कोडही बहुधा गेले. बाटलीतलं कुठलंही "स्लिप थांबवणारं" औषधही अजून ओतू नका. तक्रार दोन दिवस दबते, आणि तेवढ्यात आपण चुकीच्या दिशेला निघालेलो असतो.

एक कागद घ्या आणि त्यावर गाडी नेमकी कधी बिघडते ते लिहा. सकाळी थंड असताना डी (ड्राइव्ह) टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंद थांबून मग झटका देत निघते आणि तापल्यावर शहाणी होते, तर आतली रबरी सील कडक झालेली असण्याची शक्यता मोठी. उलट थंडीत छान आणि तापल्यावर घसरते, तर ऑइल पातळ झाल्यावर दाब टिकत नाहीये: पंप झिजलाय, सील गळतायत किंवा फिल्टर चोंदलाय. वळणावर किंवा चढावर क्षणभर सुटते आणि सपाटीला धरते, तर पहिला संशय ऑइल कमी असण्याचा. पॅनमधलं ऑइल एका बाजूला सरकलं की पंप हवा ओढतो. आणि पंधरा-वीस मिनिटं चालल्यावर हळूहळू ओढ जाते, थोडा वेळ बंद करून ठेवली की परत येते, शिवाय रेससोबत चढणारा कण्हल्यासारखा आवाज आहे, तर फिल्टर पकडा. कचरा फिल्टरच्या जाळीला चिकटतो, इंजिन बंद केलं की खाली बसतो.

डिपस्टिक

ऑइल बघण्यात कसली आलीय विद्या, असं वाटतं. पण चुकीचं माप घेऊन ऑइल ओतलेल्या गाड्या मी फार बघितल्यात. सपाट जागा हवी. बॉक्स तापलेला हवा, म्हणजे नुसतं इंजिन गरम करून चालत नाही, गाडी थोडी फिरवून आणा. हँडब्रेक ओढा, इंजिन आयडलवर चालू ठेवा, ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर एकेका जागेवर क्षणभर थांबवत पूर्ण फिरवा, मग पार्कमध्ये आणून काठी बघा. अपवाद डॉजचा. त्या घराण्यातल्या जुन्या बॉक्समध्ये पार्कला असताना पंपाचं ऑइल कन्व्हर्टरकडे, म्हणजे इंजिन आणि बॉक्सला ऑइलच्या जोरावर जोडणाऱ्या डब्याकडे, नीट जात नाही, म्हणून तिथे न्यूट्रलमध्ये बघायचं. काठी पुसून पुन्हा घाला आणि दोन्ही बाजू बघा. एका बाजूला नळीतलं ऑइल घासून वर चढलेलं असतं, म्हणून जी बाजू कमी दाखवते ती खरी.

ऑइल जास्त झालेलंही वाईट. फिरते भाग ते घुसळतात, फेस होतो, आणि फेसाला दाब धरता येत नाही. लक्षणं अगदी ऑइल कमी असल्यासारखीच. मग माणूस आणखी ओततो.

आता एक थेंब पांढऱ्या कागदावर टाका आणि थांबा. चांगलं ऑइल लालसर, पारदर्शक डाग करत पसरतं. तपकिरी असेल पण वास ठीक असेल तर ते नुसतं जुनं आहे. मध्ये काळा ठिपका राहिला, कडेला फिकट वर्तुळ गेलं आणि जळका वास नाकात गेला, तर त्या काळ्यात क्लच प्लेटांचं अस्तर आहे. ऑइल गुलाबी, दुधाळ, स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं दिसलं तर मात्र गाडी तिथेच बंद करा. रेडिएटरच्या आतला ऑइल कूलर फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरलंय. त्या पाण्याने प्लेटांवरचं अस्तर चिकटवणारा डिंक सुटतो. अशी गाडी "जरा घरापर्यंत नेतो" म्हणून चालवली की दुरुस्ती थेट पूर्ण बांधणीवर जाते.

ऑइल कमी होतंय पण खाली डाग नाही? दोन ठिकाणी बघा. टीएच३५०, टीएच४०० किंवा फोर्ड सी६ सारख्या जुन्या बॉक्सवर व्हॅक्यूम मॉड्युलेटर असतो, डब्यासारखा, आत पडदा असलेला, इंजिनाच्या व्हॅक्यूमला नळीने जोडलेला. पडदा फाटला की इंजिन स्वतःच्या व्हॅक्यूमने गिअरबॉक्सचं ऑइल ओढून जाळतं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. इंजिनाच्या रिंगा गेल्या म्हणून इंजिन उघडायला निघालेले लोक आहेत. मॉड्युलेटरची रबरी नळी काढा, आतून ओली लाल असेल तर पडदा गेला. दुसरं ठिकाण म्हणजे फोर व्हील ड्राइव्हचा ट्रान्स्फर केस, ताकद पुढच्या चाकांकडेही वाटणारा डबा. मधलं सील गेलं की गिअरबॉक्सचं ऑइल तिकडे जातं. तिथला लेव्हल प्लग सोडल्यावर ऑइल भसकन बाहेर आलं तर हरवलेलं ऑइल सापडलं.

बॉक्सच्या बाहेरची मंडळी

निम्म्या केसेस इथेच सुटतात, म्हणून इथे घाई करायची नाही.

लिव्हरपासून बॉक्सपर्यंतची दांडी किंवा केबल बघा. बुश झिजलं की लिव्हर डी दाखवतो, पण आतला मॅन्युअल व्हॉल्व्ह अर्ध्यावरच असतो. अर्धवट दाबावर क्लच घसरतो आणि जळतो, दोष मात्र क्लचच्या माथी. एकाला गाडीत बसवून लिव्हर हलवायला सांगा आणि बॉक्सवरच्या आर्मची हालचाल डोळ्यांनी बघा. प्रत्येक जागेवर खटका नीट बसायला हवा.

मग थ्रॉटल व्हॉल्व्ह केबल, सगळे टीव्ही केबल म्हणतात ती. ७००आर४ किंवा एओडी असेल तर मी बाकी सगळं सोडून आधी हिच्याकडे जातो. ती नुसती खालचा गिअर पाडणारी केबल आहे असं समजून लोक ती सैल, कधीकधी सुटलेलीच ठेवतात. ॲक्सिलरेटर किती दाबलाय ते ही केबल बॉक्सला सांगते, आणि त्याप्रमाणे बॉक्स आतला दाब वाढवतो. केबल सैल असेल तर वरचे गिअर लवकर आणि मऊ पडतात, चालवणाऱ्याला गाडी किती गुळगुळीत चालतेय असं वाटतं, आणि आत कमी दाबावर प्लेटा जळत असतात. एओडीमध्ये थ्रॉटलकडच्या टोकाला एक छोटं प्लास्टिकचं बुश असतं, ते कुरकुरीत होऊन गळून पडतं. एवढ्याशा तुकड्यापायी अख्खा बॉक्स जातो.

७००आर४ची केबल लावायची पद्धत सोपी आहे. इंजिन बंद. केबलच्या टोकाजवळचं बटण दाबून धरा, सरकणारा भाग थ्रॉटलच्या लिव्हरपासून उलट दिशेला, पूर्ण आत जाईपर्यंत ढकला, बटण सोडा. आता थ्रॉटल हाताने एकदा पूर्ण उघडा. टकटक करत केबल स्वतःच आपल्या जागी येते. कार्बोरेटर बदललेला असेल तर एवढ्यावर भागत नाही, कारण नव्या कार्बोरेटरच्या लिव्हरवर केबल अडकवायचा कोनही जुळावा लागतो.

गिअर टाकल्यावर "ठक्क" होतं का? प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस हाताने पिळून बघा, बॉक्सचं माउंटिंग पहारीने उचलून बघा. सिग्नलला गाडी थांबता थांबता मागून कुणी हलकं ठोकल्यासारखं वाटत असेल, तर शाफ्टच्या सरकत्या सांध्याच्या खाचा कोरड्या पडलेल्या असतात, ग्रीस लावून बघा. चढावर इंजिन मिस मारत असेल तर तेही गिअर घसरल्यासारखंच भासतं. फरक आरपीएमच्या काट्यात दिसतो. घसरताना काटा वर जातो आणि वेग वाढत नाही. मिस मारताना काटा वर जातच नाही, गाडी नुसती कुथते.

वायरी आणि कोड

१९९६ पासूनच्या अमेरिकन बाजारातल्या पिकअपला ओबीडी-२चा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड वाचायचा, प्लग असतो. स्कॅनर लावा, कोड लिहून घ्या, पुसू नका. पी०७०० म्हणजे "गिअरबॉक्सकडे काहीतरी आहे" एवढंच, खरा कोड त्याच्यामागे असतो. पी०७२० मागच्या स्पीड सेन्सरकडे बोट दाखवतो, पी०७५० आणि पी०७५५ गिअर बदलणाऱ्या सोलेनॉइडकडे (विजेवर उघड-बंद होणारा ऑइलचा व्हॉल्व्ह), पी०७४१ कन्व्हर्टरच्या लॉकअपकडे (कन्व्हर्टरमधली घसरण थांबवून इंजिन आणि बॉक्स थेट जोडणारा क्लच). ४एल६०ई वर पी१८७० आला तर बहुधा व्हॉल्व्ह बॉडीतलं लॉकअपचं भोक झिजलेलं असतं. प्लेटा शाबूत असू शकतात, म्हणून अख्खा बॉक्स बदलायची घाई करू नये.

त्याआधीच्या गाड्या दिवा लुकलुकवून बोलतात. टोयोटाच्या ए३४०मध्ये ओव्हरड्राइव्हचा (सर्वात वरच्या गिअरचा) स्विच चालू ठेवून तपासणी कनेक्टरमधली टीई१ आणि ई१ ही टोकं वायरीने जोडली की "ओ/डी ऑफ"चा दिवा कोड देतो. ६२ आणि ६३ गिअरच्या सोलेनॉइडचे, ६४ लॉकअपचा. ई४ओडीवर चालता चालता ओव्हरड्राइव्हचा दिवा स्वतःहून लुकलुकायला लागला तर तो इशाराच आहे. त्या बॉक्सच्या कुशीला लिव्हरची जागा सांगणारा सेन्सर असतो, त्यात पाणी शिरलं की गिअर वेड्यासारखे पडतात.

कोड आला म्हणून लगेच सोलेनॉइड मागवू नका. कनेक्टर काढा आणि आत बघा: ऑइल चढलंय का, पिन हिरवी पडलीय का, वाकलीय का. मग मीटरने सोलेनॉइडचा रेझिस्टन्स मोजा. गिअरचे चालू-बंद सोलेनॉइड साधारण २० ते ४० ओहम दाखवतात, दाब सांभाळणारा फक्त ३ ते ५च्या आसपास. नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या. गरम असताना पुन्हा मोजा, कारण काही सोलेनॉइड थंड असताना साळसूद असतात.

थ्रॉटलचा सेन्सर काट्याच्या मीटरवर तपासायचा, डिजिटलवर नको. थ्रॉटल हळूहळू उघडत गेलात की काटा साधारण अर्ध्या-एक व्होल्टपासून साडेचारपर्यंत सलग चढला पाहिजे. मध्येच पडला तर तिथे आतली पट्टी झिजलीय, आणि नेमक्या त्याच पेडलच्या जागेवर गाडी गिअर वरखाली करत बसते. डिजिटल मीटर तो क्षण गिळून टाकतं. अर्थिंगची टोकं घासून काढायचं काम याच वेळी उरका. अल्टरनेटरचा डायोड गेला असेल तर त्याच्या खरखरीने डॉजच्या काही पिकअपचं लॉकअप सारखं लागतं-सुटतं, हेही लक्षात ठेवा.

बॉक्सची वीजच गेली तर ४एल६०ई डीमध्ये थेट तिसऱ्यातच निघतो आणि दाब पूर्ण वाढवून ठेवतो. गाडी उठायला जड, गिअर टाकताना दणका. हे त्याचं स्वतःला वाचवणं आहे. अशी गाडी आली की आधी फ्यूज बघा.

रस्त्यावर

मोकळा रस्ता घ्या. हलक्या पायाने निघा आणि प्रत्येक गिअर मोजा: पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, मग लॉकअप. लॉकअप हा पाचवा गिअर पडल्यासारखाच वाटतो, काटा थोडा खाली येतो.

ताशी ६०-८०च्या दरम्यान, हलक्या पायावर गाडी खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरत असेल तर हे करा: ॲक्सिलरेटर तसाच धरा आणि डाव्या पायाने ब्रेक पेडल फक्त दिवा लागेल इतकंच टेकवा. ब्रेकच्या स्विचने लॉकअप सुटतं. थरथर त्या क्षणी गेली तर लॉकअपचा क्लच किंवा जुनं ऑइल. तशीच राहिली तर स्पार्क प्लग, वायरी किंवा प्रॉपेलर शाफ्टकडे वळा. एवढ्या एका टेकवण्याने बॉक्स उतरवण्याचं काम कितीदा टळलंय! उलट, थांबताना गिअरमध्ये इंजिन बंद पडत असेल, क्लच न दाबता ब्रेक मारल्यासारखं, तर लॉकअप सुटतच नाहीये.

मग खरा खजिना: कुठले गिअर आहेत आणि कुठले नाहीत. प्रत्येक गिअर कुठल्या तरी ठरावीक क्लच-बँडच्या जोडीने तयार होतो, म्हणून गैरहजर गिअर गुन्हेगाराचं नाव सांगतात. ४एल६०ईचं उदाहरण घेऊ. तिसरा-चौथा नाही, पहिला-दुसरा आणि रिव्हर्स ठीक, तर तीन-चारचा क्लच जळला. दुसरा-चौथा नाही पण रिव्हर्स आहे, तर दोन-चारचा बँड किंवा तो आवळणारा पिस्टन. दुसरा, चौथा आणि रिव्हर्स तिन्ही एकदम गायब, पहिला-तिसरा शाबूत, तर आतलं सन शेल फाटलंय. तो पत्र्याचा भाग या बॉक्सचा जुना दुखरा सांधा. डीमध्ये जागची हलत नाही पण लिव्हर १वर आणला की निघते, तर एका दिशेने धरणारा वन-वे क्लच गेला, कारण १वर दुसरा क्लच त्याच्या मदतीला येतो. तुमच्या बॉक्ससाठी असा तक्ता मॅन्युअलमध्ये असतोच. त्याची एक प्रत काढून टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवा.

काहीच गिअर नाहीत, पुढेही नाही आणि मागेही नाही? ट्रान्स्फर केसचा लिव्हर न्यूट्रलमध्ये नाही ना ते बघा. हसू नका.

दाब, आणि स्टॉल टेस्टबद्दल थोडं

इथपर्यंत येऊनही उत्तर नसेल तर बॉक्सच्या बाजूचा प्लग काढून ३०० पीएसआयपर्यंतचा गेज लावा. रिव्हर्सचा दाब डीपेक्षा जास्त असायला हवा, आणि रेससोबत दाब वाढायला हवा. सगळ्याच गिअरमध्ये कमी असेल तर पंप, फिल्टर किंवा दाबाचा व्हॉल्व्ह. एकाच गिअरमध्ये पडत असेल तर त्या क्लचचं सील. टीव्ही केबल हाताने ओढून काटा हलतो का, हे बघायलाही हीच वेळ.

स्टॉल टेस्ट म्हणजे ब्रेक पूर्ण दाबून गिअरमध्ये पूर्ण रेस देणं. आरपीएम मॅन्युअलपेक्षा वर गेला तर क्लच घसरतोय, फार खाली राहिला तर इंजिनात दम नाही किंवा कन्व्हर्टरच्या आतला वन-वे क्लच गेला. पाच सेकंदांच्या वर नाही, चारही चाकांना ठोकळे, समोर कुणीही उभं नको, आणि नंतर न्यूट्रलमध्ये ऑइल गार होऊ द्यायचं. मला ही टेस्ट फारशी आवडत नाही. शेवटच्या घटका मोजणारा बॉक्स तिथल्या तिथे जीव सोडतो आणि मालकाच्या नजरेत तो तुम्ही मारलेला असतो.

पॅन उतरवल्यावर

सगळी नोंद झाल्यावरच पॅन काढा. लोहचुंबकावर करडी, लोण्यासारखी पातळ राड असणं साहजिक आहे. बोटांनी चोळून बघा. खरखरीत लोखंडी किस लागला तर गिअर किंवा बेअरिंग तुटतंय. उन्हात धरल्यावर पिवळसर चमक दिसली तर बुश झिजलेत. तळाशी काळा, भिजलेल्या कोळशासारखा थर म्हणजे प्लेटांचं अस्तर. प्लास्टिकचा तुकडा सापडला तर तो फेकू नका, कुठला आहे ते ओळखायचंय.

जळक्या ऑइलच्या बॉक्समध्ये नवं ऑइल घालावं का, यावर वाद चालूच असतो. घसरायला लागलेल्या बॉक्सला नवं ऑइल वाचवत नाही, असं माझं मत. प्लेटा आधीच गेलेल्या असतात. पण नुसतं तपकिरी ऑइल आणि लॉकअपची थरथर असेल, तर पॅन, फिल्टर आणि योग्य दर्जाचं ऑइल बदलून मी आधी पाहतो. ई४ओडीला मर्कॉन, जीएमला डेक्सरॉन, डॉजला एटीएफ+४, ज्याला जे लागतं तेच. दबावाच्या मशीनने फ्लश मात्र नको.

बॉक्स उतरवायचाच ठरला तर बांधणाऱ्याच्या हातात तो कागद द्या: कुठले गिअर नव्हते, थंड-गरमचा फरक, कोड, दाबाचे आकडे, पॅनमधला कचरा. बॉक्स परत बसला की जुना कूलर आणि नळ्या तशाच जोडू देऊ नका, जुन्या प्लेटांचा चुरा त्यांत अडकलेला असतो. कूलरची परतीची नळी मापाच्या डब्यात सोडा, न्यूट्रलमध्ये इंजिन आयडलवर चालवा आणि घड्याळ लावा. २० सेकंदांत साधारण लिटरभर ऑइल यायला हवं. धार बारीक असेल किंवा तुटक पडत असेल तर इंजिन बंद करा, कूलर बदला, आणि गेलेलं ऑइल भरूनच गाडी रस्त्यावर काढा.